खोट काढणारं गिऱ्हाईक

दिवाळीचे कंदील उतरले की प्रदर्शनांचा मोसम सुरू होतो. फेब्रुवारी संपेपर्यंत पुण्या-मुंबईत कुठल्या ना कुठल्या मैदानावर, शाळेच्या पटांगणात किंवा मंगल कार्यालयात मांडव पडलेला असतो. हातमागाच्या साड्या, बांबूच्या टोपल्या, कोल्हापुरी चपला, घोंगड्या, वारली चित्रं, सावंतवाडीची लाकडी फळं आणि शेवटच्या रांगेत मांडे, मासवडी, हुरडा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. स्टॉल किती, उद्‌घाटन कोणी केलं, नागरिकांचा प्रतिसाद कसा 'उत्स्फूर्त' होता. सोबत चाकावर मडकं घडवणाऱ्या कुंभाराचा फोटो. गेली सहा-सात वर्षं मी ही प्रदर्शनं नेमानं बघतो आणि त्यांच्यावरचं लिखाणही वाचतो. एखादी टोपली चांगली विणली होती की वाईट, हे मात्र या लिखाणात मला कधी वाचायला मिळालेलं नाही.

आपल्याकडे पुस्तकाचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं, गाण्याच्या बैठकीचं होतं. मिसळीच्या तर्रीवर लोक हजार-हजार शब्द लिहितात आणि खाली त्याहून लांब भांडणं होतात. पण हातानं केलेली वस्तू समोर आली की आपण सगळे एकदम सभ्य होतो. 'सुंदर', 'अप्रतिम', 'किती मेहनत आहे हो' इतकं म्हणून पुढच्या स्टॉलकडे सरकतो. हे सौजन्य कारागिराच्या हिताचं नाही, असं माझं म्हणणं आहे. त्यातही सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते चांगलं काम करणाऱ्या कारागिराचं.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यात तक्रार करणारा वापरकर्ता डोकेदुखी असतो, पण त्याच्याशिवाय चालत नाही. ज्या सॉफ्टवेअरबद्दल एकही तक्रार येत नाही, ते निर्दोष असण्यापेक्षा कोणी वापरतच नसण्याची शक्यता जास्त. प्रदर्शनातल्या वस्तूंबद्दल तक्रारी येत नाहीत, याकडे मी याच नजरेनं बघतो.

खोट काढणं हा शब्द आपण वाईट अर्थानं वापरतो. बाजारात त्याचा अर्थ वेगळा होता. घागर विकत घेणारी बाई ती उचलून बोटाच्या पेरानं वाजवून बघते. खणखणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. सूप घेताना काठ दाबून बघतात. घोंगडीचा कोपरा उजेडाकडे धरून वीण किती घट्ट आहे ते बघतात. चप्पल वाकवून बघतात. हे सगळं भाव पाडण्यासाठी चालतं हे खरं, पण भाव पाडायलाही आधी वस्तू कळावी लागते. ठस, विरळ, पोकळ, कच्चं भाजलेलं, पीळ कमी असलेलं: ही हस्तकलेच्या समीक्षेची परिभाषाच आहे, आणि ती कोणा समीक्षकानं घडवलेली नाही. शहरातल्या प्रदर्शनात 'कारागिराशी घासाघीस करू नका' असा संकेत रुजला आहे. तो योग्यच आहे. मात्र घासाघीस गेली तेव्हा तिच्याबरोबर वाजवून बघणंही गेलं.

ही प्रदर्शनं आली कुठून, ते थोडक्यात बघू. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालं आणि कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्ष झाल्या. आधी एम्पोरियमचा काळ होता. वस्तू राजधानीत यायची, कारागीर गावातच राहायचा. १९८१ मध्ये दिल्लीत 'दस्तकार' ही संस्था सुरू झाली आणि तिच्या बाजारांत कारागीर स्वतः गिऱ्हाइकासमोर बसू लागला. १९८७ मध्ये हरियाणात सूरजकुंडचा मेळा सुरू झाला, १९९४ मध्ये 'दिल्ली हाट'. महाराष्ट्रात बचत गटांच्या महिलांसाठी 'महालक्ष्मी सरस' भरतं. गावच्या बाजाराचं रूप शहरात आणायचं, मधला दलाल काढायचा, करणारा आणि घेणारा यांना समोरासमोर उभं करायचं, ही या सगळ्यामागची कल्पना.

ही कल्पना किती मोठी होती, हे समजायला मागे जावं लागतं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) बलुत्याचा हिशोब सविस्तर येतो. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांना कामाचा मोबदला खळ्यावरच्या धान्यात मिळायचा. कोणी कोणतं काम करायचं हे जातीनं ठरलेलं. चप्पल शिवणाऱ्याला तिची किंमत सांगायचा अधिकार नव्हता. त्या व्यवस्थेतलं गिऱ्हाईक खोट काढायचं तेव्हा त्याच्या बोलण्यात हुकूम असायचा. आज तोच माणूस मांडवात स्वतःच्या नावाची पाटी लावून बसतो, किंमत स्वतः सांगतो, क्यूआर कोड पुढे करतो आणि पटलं नाही तर 'नाही परवडत' म्हणतो. प्रदर्शनांनी दुसरं काहीच केलं नसतं, तरी एवढ्यासाठी ती हवीतच. गावातला जुना बाजार किती छान होता, असा गळा मी काढणार नाही.

पण नव्या मांडणीत एक गोष्ट सुटली, ती म्हणजे गिऱ्हाइकानं परत येणं.

'दिल्ली हाट'मध्ये एका कारागिराला स्टॉल साधारण पंधरा दिवसांसाठी मिळतो. मग दुसऱ्याची पाळी. जास्तीत जास्त लोकांना संधी मिळावी म्हणून हा नियम आहे आणि न्यायाच्या दृष्टीनं तो चोख आहे. आपल्याकडची प्रदर्शनं तर चार-पाच दिवसांत आटोपतात. महिन्याभरानं चपलेचा अंगठा तुटला, टोपलीची तळाची पट्टी निसटली, साडीचा रंग गेला, तर जायचं कुठे? मैदान रिकामं असतं. कारागीर आपल्या गावी किंवा पुढच्या शहरात असतो. त्याला आपली खोट कळत नाही आणि आपल्यालाही ती कोणाला सांगायची सोय नसते. आठवडी बाजारात असं होत नाही. सोमवारी घेतलेली पाटी पुढच्या सोमवारी त्याच माणसासमोर आदळता येते.

याच्या उलटचा नमुना मी गोव्यात पाहिला. एप्रिल-मेच्या सुमारास म्हापशात मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त असतं, तेव्हा पुरुमेंताचा बाजार भरतो. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, मिरची, सोलं, मसाले, आणि त्यांच्या जोडीला मातीची भांडी, चटया, सुपं. हाही मोसमी मेळाच, वर्षातून एकदा भरणारा. पण तिथे कोणी कलेला प्रोत्साहन द्यायला आलेलं नव्हतं. ही मडकी पुढचे चार महिने घरात वापरायची होती. बायका एकेक भांडं वाजवून बघत होत्या, बाजूला ठेवत होत्या, गेल्या वर्षीचं कुठे झिरपलं ते विकणारणीला ऐकवत होत्या. तीही तितक्याच ठसक्यात उत्तर देत होती: चुलीवर कसं चढवलं, आधी भिजत घातलं होतं का? दोघींना वस्तूची पूर्ण जाण होती. मी हस्तकलेवर ऐकलेली ही सर्वांत चांगली चर्चा, आणि ती अडीच-तीन मिनिटांत संपली.

आता वस्तूंकडे वळतो, कारण समीक्षा शेवटी वस्तूची करायची असते.

कोल्हापुरी चप्पल घ्या. खरी कोल्हापुरी वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याची असते. बाभळीची साल आणि हिरडा त्यात लागतात. तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवतात. वेणी आणि नाजूक काम बहुतेक वेळा घरातल्या बाया करतात, पण पाटीवर नाव पुरुषाचं असतं. नवी चप्पल कडक असते. ती आधी चावते, तिला तेल पाजावं लागतं, मग महिन्याभरात ती पायाचा आकार घेते. थोडक्यात, ही वस्तू पहिल्या पाच मिनिटांत आवडण्यासाठी बनलेलीच नाही. प्रदर्शनात मात्र तिच्या वाट्याला पाचच मिनिटं येतात. गिऱ्हाईक अंगठ्यानं दाबून बघतं, 'कडक आहे' म्हणतं आणि शेजारच्या स्टॉलवरची आत फोम घातलेली, रंगीत गोंड्यांची जोडी घेतं.

मी घेतलेल्या वस्तूंची एक वही ठेवतो: कधी घेतली, कितीला, वर्षानंतर काय अवस्था. त्यात एकाच प्रदर्शनात दोन शेजारच्या स्टॉलवरून घेतलेल्या चपलांच्या दोन जोड्या आहेत. किमतीत साधारण दोनशे रुपयांचा फरक. एका जोडीचे टाचेकडचे थर पहिल्याच उन्हाळ्यात सुटले, आत पुठ्ठा निघाला. दुसरीचा तळ मी दोनदा बदलून घेतला आणि ती अजून पायात आहे. दोन्ही स्टॉलवर फलक सारखाच होता: 'अस्सल कोल्हापुरी, हाताने बनवलेली'. दोन्हीसमोर गर्दी सारखीच होती.

पैठणीचंही तसंच. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून बघावा. नक्षीचे धागे एकमेकांत गुंतवून विणलेले असल्यामुळे पदर मागूनही जवळपास पुढच्यासारखाच दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागच्या बाजूला धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. परीक्षा इतकी सोपी आहे. पण प्रदर्शनात साडी स्टँडवर दर्शनी बाजूनं पसरलेली असते. कोपऱ्यात 'लाइव्ह डेमो'साठी एक माग मांडलेला असतो, त्यावर एक विणकर दिवसभर चार बोटं कापड विणतो आणि लोक त्याचा व्हिडिओ काढतात. त्या मागाचा आणि शेजारच्या साड्यांच्या ढिगाचा संबंध काय, हा प्रश्न मी आजवर कोणाला विचारताना पाहिलेलं नाही. माग तिथे पुराव्यासारखा उभा असतो, पण सिद्ध काहीच करत नाही. पदर उलटा करून दाखवला असता तर एका मिनिटात झालं असतं.

वारली चित्रांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. मुळात हे चित्र लग्नघराच्या भिंतीवर सवाष्णी काढायच्या: गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाचा चौक, मध्ये पालघाट देवी. ते विकण्यासाठी नव्हतंच. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले भास्कर कुलकर्णी १९६६-६७च्या दुष्काळात हस्तकला मंडळातर्फे बिहारमध्ये गेले होते. तिथे त्यांनी मिथिलेच्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला दिली. सत्तरच्या दशकात ते डहाणूकडच्या पाड्यांवर आले. कागद आला तसे या कामात पुरुषही आले, आणि त्यांतलेच एक जिव्या सोमा मशे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

मशेंचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र बघा. कागदभर पसरलेलं जाळं, हजारो बारीक रेषांचं. ते एका बाजूला ओढलं जातंय हे रेषांच्या दाटी-विरळीतून कळतं. माणसं अगदी लहान आहेत, दोन त्रिकोणांची, तरी प्रत्येकाची कंबर वेगळी वाकलेली. रिकामी जागा रिकामी ठेवायला त्यांना भीती वाटत नाही. आता प्रदर्शनातला वारली मग, वारली किल्लीची साखळी, वारली कुर्ता बघा. तारप्याभोवतीचा नाच, एक झाड, एक बैलगाडी, आणि उरलेल्या जागेत ठिपके. सगळ्या माणसांच्या कंबरा एकाच कोनात वाकलेल्या, कारण साचा एक आहे. पहिल्यात कोणीतरी पाहिलेलं आहे, दुसऱ्यात पाहिलेलं काही नाही. पण आपण दोन्हीला 'वारली आर्ट' एवढंच नाव देतो. आजही पाड्यांवर मशेंच्या वाटेनं, स्वतःच्या डोळ्यांनी बघून चित्रं काढणारे तरुण आहेत. त्यांचं चित्र आणि साच्यातलं चित्र यांत फरक करणारं कोणी नसेल, तर त्या तरुणानं महिनाभर एका चित्रावर का बसावं?

हा प्रश्न भावनेचा वाटेल, पण तो अर्थशास्त्राचा आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक प्रसिद्ध निबंध लिहिला. गिऱ्हाइकाला चांगली गाडी आणि खटारा यांतला फरक कळत नसेल, तर ते दोन्हीसाठी मधलाच भाव देतं. त्या भावात खटारावाल्याचा फायदा होतो, चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, आणि तो बाजारातून निघून जातो. खटाऱ्यांचा वाटा वाढतो, म्हणून भाव आणखी उतरतो. हाताच्या वस्तूंच्या मांडवात नेमकं हेच चालू आहे. वाजवून बघणाऱ्या गिऱ्हाइकाची रसद तुटली की पहिला बळी जातो तो वादीनं शिवणारा, पदर मागूनही नीट विणणारा, स्वतः पाहून चित्र काढणारा. पुठ्ठावाल्याचं ठीक चाललेलं असतं.

यावर सरकारी उत्तर आहे ते शिक्क्यांचं: हँडलूम मार्क, सिल्क मार्क, भौगोलिक मानांकन. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी. शिक्के हवेतच. पण शिक्का सांगतो ती वस्तू कुठली आणि कोणत्या रीतीची. त्याच रीतीच्या दोन चपलांमध्ये अधिक चांगली कोणती, हे तो सांगू शकत नाही. ते वापरणाऱ्यालाच सांगावं लागतं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, तेव्हा आपण सगळे खवळलो. श्रेय दिलं नाही, हा राग रास्त होता आणि पुढे कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्यही केलं. पण त्या आठवड्यातल्या शेकडो मराठी पोस्टमध्ये आपल्या पायातली कोल्हापुरी कशी शिवली आहे, हे सांगणारी पोस्ट मला दिसली नाही. मालकी सांगायला सगळे पुढे होते, पण चपलेची जाण कोणी दाखवली नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. महिन्याला पगार घेणाऱ्या शहरी माणसानं शंभर किलोमीटरवरून गाठोडं घेऊन आलेल्या बाईच्या कामात खोट काढायची, हे पुन्हा जुन्या हुकमासारखंच नाही का? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या कामाला किंमत मिळाली नाही, त्यांना निदान आता तरी कौतुक मिळू द्या.

हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. हुकमाचा वास टीकेला सहज लागतो. पण कौतुकातही उतरंड असतेच. नाटकात वाईट काम करणाऱ्या नटाला आपण वाईट म्हणतो, कारण तो याहून चांगलं करू शकला असता हे आपण धरून चाललेलो असतो. लहान मुलानं चित्र काढलं की मात्र आपण 'वा' म्हणतो, कारण तिथे अपेक्षाच नसते. प्रदर्शनातलं आपलं 'वा' यांतलं दुसरं आहे. त्यात कारागिराबद्दल दया आहे, त्याच्या कसबावर विश्वास नाही. पूर्ण किंमत द्यावी, घासाघीस करू नये, आणि मग पूर्ण किंमत दिलेल्या माणसाच्या हक्कानं वस्तूबद्दल खरं बोलावं. बलुत्यात टीका होती पण पैसा नव्हता. प्रदर्शनात पैसा आहे पण टीका नाही. दोन्ही एकत्र असणं अशक्य नाही, म्हापशाच्या बाजारात ते मी पाहिलं आहे.

यासाठी प्रदर्शन भरवणाऱ्यांना फार काही करावं लागणार नाही. साड्या निदान एका स्टँडवर उलट्या पसराव्यात. दुरुस्तीचा एक स्टॉल असावा, जिथे मागच्या वर्षीची चप्पल, टोपली, घोंगडी आणता येईल. पाच वर्षं वापरलेल्या वस्तूंचं एक दालन असावं, करणाऱ्याच्या नावासकट. नव्या वस्तूची याहून चांगली जाहिरात होणार नाही. वेणी घालणाऱ्या बाईचं नाव पाटीवर यावं. आणि आपण लिहिणाऱ्यांनी एकेका वस्तूवर लिहावं, वर्षभर वापरून, नाव घेऊन, चांगलं ते चांगलं का आहे हे सांगत.

सुरुवात याहूनही लहान गोष्टीपासून होते. घोंगडीच्या स्टॉलवर 'केवढ्याला' याच्या आधी लोकर जावळाची आहे की मोठ्या मेंढराची, आणि ताण्याला चिंचोक्याची खळ दिली आहे का, एवढं विचारून बघा. मी हे बऱ्याच ठिकाणी केलं आहे. काही जण विषय बदलतात. जे बदलत नाहीत, ते वर ठेवलेली घडी बाजूला सारतात, खालून दुसरी काढतात, आणि तिचा कोपरा उलगडून आपल्या हातात देतात.